‘पगार सुरू झाला, पण धास्ती जात नाही’

"मॅडम, आमच्या दिवाणातल्या गव्हाला पोरकिडे झालेत, आणि हे परवा तिसरं पोतं घेऊन आलेत."

ऑगस्ट 2022 मध्ये एक ताई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या, त्यांचं हे पहिलं वाक्य. चिंचवडच्या पुढे एका सोसायटीत वन बीएचके, नवरा चाकणच्या एका छोट्या कंपनीत, मुलगी सातवीत. (नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मी त्यांना ताई आणि दादा म्हणत असे, इथेही तेच म्हणते.) उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची पद्धत आपल्याकडे आहेच, ताईंच्या सासरीही आहे. पण हे वेगळं होतं. दर पगाराला काहीतरी यायचं, जुनं संपायच्या आत. तेलाचे पंधरा लिटरचे तीन डबे, मिठाचे वीस पुडे, बाथरूमच्या माळ्यावर साबणाची खोकी. आणि मुलीने चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेसाठी साडेचारशे रुपयांचे रंग मागितले, तर घरात दोन दिवस अबोला.

"नोकरी लागून दीड वर्ष झालं. पगार वेळेवर येतो. करोना गेला. मग हे असं का वागतात?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. विचारणारी कधी बायको असते, कधी आई, कधी तो माणूस स्वतः: सगळं मार्गी लागलं, तरी रात्री तीनला जाग येऊन मी बँकेची शिल्लक का बघतो?

दादा पुढच्या आठवड्यात आले. टेकून बसलेच नाहीत, खुर्चीच्या कडेवर. त्या पहिल्या भेटीत माझी चूक झाली, ती आधी सांगते. ते म्हणाले, "नोकरी परत गेली तर?" आणि मी म्हणाले, "आता कशाला जाईल? कंपन्या सुरळीत चालल्यात." त्यांनी मान डोलावली आणि उरलेला पाऊण तास ते फक्त हो-नाही म्हणत राहिले. नंतर लक्षात आलं, जून 2020 पर्यंत त्यांनाही सगळे हेच सांगत होते. ज्याच्या बाबतीत ती गोष्ट एकदा घडून गेली आहे, त्याला ‘घडणार नाही’ म्हणणं म्हणजे त्याचं बोलणं बंद करणं. ‘परत गेली तर?’ हा खरा प्रश्न आहे. त्याला धीर देऊन भागत नाही, त्याचं उत्तर द्यावं लागतं.

दुसऱ्या भेटीत बोलताना त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी फोन उपडा केला, वरून तळहात दाबून धरला आणि वाजायचा थांबेपर्यंत तसेच बसले. कपाळावर घाम. मी विचारलं, "कुणाचा वाटला?" तेव्हा सगळं बाहेर आलं.

25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली, तेव्हा ते एका मोठ्या पुरवठादार कारखान्यात सुपरवायझर होते. आठ वर्षांची नोकरी, हातात 38 हजार. एप्रिलचा पगार निम्मा झाला, मेचाही. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था जवळपास 24 टक्क्यांनी आकसली, हे त्यांनी नंतर पेपरात वाचलं. त्यांच्यासाठी ती मंदी चार मिनिटांच्या एका फोनची होती. जूनमधली एक सकाळ, सव्वाअकरा. पलीकडून कार्मिक विभागातला माणूस: राजीनाम्याचा मेल करा, म्हणजे अनुभवाचं पत्र आणि हिशेब सुरळीत मिळेल, नाहीतर आमच्याही हातात काही नाही. दादांनी बेडरूमचं दार लावून मेल लिहिला. कागदोपत्री त्यांना कुणी काढलं नाही, त्यांनीच सोडली. हा काटा दोन वर्षांनीही रुतलेला होता. "भांडायला पाहिजे होतं मी," हे वाक्य त्या तासाभरात तीनदा आलं.

मग पुढचे सात महिने. पीएफमधून करोनासाठीची आगाऊ रक्कम काढता येत होती: तीन महिन्यांचं मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या 75 टक्के, यातलं जे कमी असेल ते. त्यांना 45 हजार मिळाले. (महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा असलेल्या कामगारांना नोकरी गेल्यावर 90 दिवसांपर्यंत निम्म्या सरासरी वेतनाइतका भत्ता मिळण्याची सोय अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत केली होती. त्या काळात माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणांना ती माहीतच नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं.) रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना आधी मेपर्यंत आणि मग ऑगस्ट 2020 पर्यंत सवलत दिली, ती दादांनी पूर्ण घेतली. त्यांना वाटलं, सहा हप्ते शेवटी भरायचे, एवढंच. पण व्याज चालूच होतं. घराच्या कर्जाचं शिल्लक मुद्दल 17 लाखांच्या आसपास, दर 8 टक्क्यांजवळ. सहा महिन्यांचे साधारण 69 हजार मुद्दलात जाऊन बसले. बँकेने हप्ता 15,600 तोच ठेवला आणि कर्ज जवळजवळ दोन वर्षांनी लांबलं. हे त्यांना 2021 मध्ये बँकेचा उतारा काढल्यावर कळलं, आणि ते त्यांनी ताईंना सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती. फोनवरच्या ॲपमधून घेतलेलं सात दिवसांचं कर्ज. सहा हजार मागितले की हातात सव्वाचार यायचे, आठवड्याने पूर्ण सहा भरायचे. ते फेडायला दुसरं ॲप, मग तिसरं. अशा ॲपपासून सावध राहा म्हणून रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2020 मध्ये लोकांना बजावलं, पण तोवर वसुलीवाल्यांनी दादांच्या फोनमधले सगळे नंबर उचलले होते. शिवीगाळ करणारा एक फोन थेट मेहुण्याला गेला. त्यानंतर दादा सासुरवाडीला गेलेले नव्हते.

मी त्यांना सरळ विचारलं, जीव नकोसा झाला होता का? हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. मान खाली घालून म्हणाले, त्या डिसेंबरात दोन-तीन रात्री. आता तसं नव्हतं, तरी झोप आणि छातीतली धडधड यासाठी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि दोन्ही उपचार बरोबर चालू ठेवले. तुमच्या घरात कुणाला तसे विचार येत असतील तर थांबू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

तिसऱ्या भेटीला दोघांना एकत्र बोलावलं. घरातला पैशाचा एकूण एक कागद आणा म्हटलं. दादांनी बँकेचे उतारे आणले. ताईंनी शंभरपानी वही आणली, मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं शिवून केलेली. जुलै 2020 पासूनचा हिशेब त्यात होता. मी एक पान मोठ्याने वाचलं: ‘दूध अर्धा लिटर (आधी दीड). वाण्याची उधारी 3,140. भिशी बंद.’ दादा वहीकडे बघतच राहिले. हिने असं काही लिहून ठेवलंय, याचा त्यांना पत्ता नव्हता.

मग त्यांनी ॲपच्या कर्जाचं सगळं सांगितलं. बोलून झाल्यावर ताई जरा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी हातातल्या दोन पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. "ह्या एक ग्रॅमच्या आहेत," म्हणाल्या. खऱ्या पाटल्या त्यांनी भावाला बरोबर नेऊन गहाण टाकल्या होत्या, सत्तर हजारांवर. भाऊच म्हणाला होता, दाजींना सांगू नकोस, त्यांना लागेल. त्या पैशांतून वाण्याची उधारी गेली, शाळेची फी गेली आणि जेवणाच्या डब्यांच्या धंद्याची भांडी आली. दीड-दोन वर्षं त्या मुलाम्याच्या पाटल्या घालून वावरत होत्या आणि दर महिन्याला सातशे रुपये व्याज गुपचूप भरत होत्या. दादांनी एक पाटली उचलली, हातात तोलून पाहिली आणि परत ठेवली. त्या दिवशी मी पुढे काही केलं नाही. दोघांना बसू दिलं.

एकमेकांना त्रास नको म्हणून दोघांनी पैसा एकमेकांपासून लपवला होता. त्यामुळे घरात नक्की किती आहे आणि किती देणं आहे हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. अशा घरात धास्ती जाणार कशी? आकडा नसला की मन स्वतःचा आकडा धरतं, आणि तो नेहमी सगळ्यात वाईट असतो. मी दादांना विचारलं, उद्या नोकरी गेली तर किती दिवस निघतील? ते लगेच म्हणाले, "पंधरा दिवस."

चौथ्या भेटीत आम्ही ते मोजलं. दादांचे 29 हजार, डब्यांचे खर्च वजा जाता 9 हजार. एकूण 38. चालू खर्च 34,500. मग ‘ओढीचा महिना’ वेगळा मांडला, म्हणजे नोकरी नसतानाचा: हप्ता 15,600, किराणा-दूध-भाजी 6,500, वीज-गॅस-मोबाइल 1,800, शाळा 2,000, सोसायटी 1,200, पेट्रोल 600, पाटल्यांचं व्याज 700. बेरीज 28,400. एक रक्कम राहिली होती, बार्शीकडे गावी आईवडिलांना जाणारे 2,000. ताई म्हणाल्या, ओढीच्या महिन्यात ते थांबवता येतील, घरची ज्वारी आहे, ते समजून घेतील. दादा म्हणाले, "थांबवायचे तर त्यांना सांगावं लागेल." गावी अजून माहीतच नव्हतं, 2020 मध्ये काय झालं ते. मी त्या रकमेभोवती पेन्सिलीने गोल केला आणि पुढे गेले.

28,400 मधून डब्यांचे 9 हजार वजा केले की महिन्याला 19,400 कमी पडतात. शिल्लक 46 हजार. म्हणजे दोन महिने आणि वर दहा-अकरा दिवस. दादांनी तो भागाकार स्वतः मोबाइलवर दोनदा करून पाहिला. दोन महिने म्हणजे काही फार नव्हे, हे मी लपवलं नाही. पण पंधरा दिवस आणि सत्तर दिवस यात झोपेचा फरक पडतो. त्यांना सात महिन्यांची सोय हवी होती, कारण सात महिने ते घरी होते. आम्ही चारवर आलो: 77,600. महिन्याला अडीच हजार बाजूला टाकले तर तेरा महिने. वर जे हजार उरत होते त्यातून रंग आणायचे ठरलं, आणि ते मुलीबरोबर दुकानात जाऊन दादांनीच आणायचे.

अनोळखी फोनसाठी वेगळा सराव दिला. रोज एकच फोन उचलायचा, ताई शेजारी असताना. पहिल्या आठवड्यात तीनदा जमलं, चारदा नाही. पोती परत करा असं मी एकदाही म्हटलं नाही. एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट आली तेव्हा डबे बंद पडले होते, दादांचा नवा पगार दोन महिने निम्म्यावर आला होता, आणि घरात खायला होतं ते त्या साठ्यातलंच. त्यांच्या दृष्टीने पोत्याने घर वाचवलं होतं. ते मी का नाकारावं? फक्त एवढं सुचवलं की धान्याचा आकडाही वहीत लिहा: किती किलो, किती महिने. लिहायला लागल्यावर चौथं पोतं आलं नाही.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं मात्र नाही. जानेवारी 2023 मध्ये कंपनीत दोन कंत्राटी मुलांना कमी केलं, तेव्हा दादा पुन्हा तीन रात्री जागे होते. ते मेहुण्याकडे गेले तेही थेट दिवाळीनंतर, आणि तिथे पाऊण तासच बसले. पाटल्या अजून सुटायच्या आहेत.

त्या मे महिन्यात गावाहून परतल्यावर दादा एकटेच मला भेटायला आले. वहीतल्या त्या पेन्सिलीच्या गोलाबद्दल सांगायला आले होते. रात्री अंगणात वडिलांजवळ बसून त्यांनी सगळं सांगितलं होतं: राजीनामा, ॲप, पाटल्या. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "अन् तवा आमाला दोन हजार कशाला धाडत होतास रं?"