मासे गरवायच्या रॉडच्या कॉर्कच्या मुठीला खड्डे पडलेत, ती काढून फोमची बसवू का?

तुम्ही लिहिलंय की दोन पावसाळ्यांत मूठ काळी पडली, बारीक खड्डे दिसायला लागले आणि दुकानदार म्हणतोय, "कॉर्क सडलाय, ईव्हीए फोम बसवून घ्या." माझं ऐकाल तर मूठ काढू नका. कॉर्क इतक्यात सडत नाही.

आमच्या घरी याला कॉर्क कुणी म्हणत नसे, बूच म्हणत. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की हे आपल्याकडच्या बुचाच्या झाडाचं असणार, तेच ते पांढऱ्या लांब दांड्याच्या सुवासिक फुलांचं. त्या झाडाच्या सालीचंही हलकं बूच करत असत म्हणा, पण मुठीचा कॉर्क येतो तो पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक झाडाच्या सालीपासून. झाड तोडत नाहीत, नुसती साल सोलतात. पोर्तुगालात पहिली साल साधारण 25व्या वर्षी निघते, पुढची 9 वर्षं झाल्याशिवाय कायद्याने काढता येत नाही. कधी सोलली ते कळावं म्हणून खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात. पहिल्या दोन सोलण्या खडबडीत, त्यांचा भुगाच करायचा. सलग, गुळगुळीत माल मिळतो तो तिसऱ्या वेळी, म्हणजे तोवर झाडानं चाळिशी ओलांडलेली असते. चांगला कॉर्क महाग का, ते यावरून लक्षात यावं.

या सालीत बंद, हवा भरलेल्या पेशी असतात, एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे 4 कोटी. रॉबर्ट हूकनं 1665 साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ज्यांना 'सेल' म्हटलं ती खोली-खोलीची जाळी कॉर्कचीच होती. भिंतींत मेणासारखं सुबेरिन असतं, म्हणून पाणी आत शिरत नाही. मूठ हलकी लागते, पहाटे गार पडत नाही आणि हात कोळंबीनं बरबटलेले असले तरी सटकत नाही.

मग खड्डे कसले? सालीत झाडाच्या श्वासाच्या बारीक नळ्या असतात, त्यांत तपकिरी भुसा असतो. कारखान्यात मूठ घासली की ही भोकं उघडी पडतात, ती कॉर्कचा भुगा आणि गोंद यांची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवतात. कॉर्क जितका हलक्या प्रतीचा तितकी लांबी जास्त. आपला घाम आणि खारं पाणी तीच लांबी खातं. तुमच्या मुठीतून गेली आहे ती लांबी, कॉर्क जागेवर आहे. काळपटपणा म्हणजे मळ आणि वरवरची बुरशी.

बुरशीचा धडा मी स्वतः घेतलाय. नव्या रॉडच्या मुठीवरचं प्लास्टिक "खराब होऊ नये" म्हणून तसंच ठेवलं, मेमध्ये रॉड पोटमाळ्यावर टाकला आणि गणपतीच्या आवराआवरीत काढला. प्लास्टिकच्या आत हिरवी मखमल उगवली होती. वास वेगळाच.

आता दुरुस्ती. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यानं मऊ ब्रशनं मूठ घासा. ब्लीच किंवा थिनर लावू नका. दोन दिवस पंख्याखाली सुकवा. वाइनच्या बाटलीचं एखादं खरं बूच मिळवा आणि 120 नंबरच्या पॉलिश पेपरवर, खाली वर्तमानपत्र धरून घासा. पिठासारखा भुगा हवा, कण नकोत. पाण्यात न सुटणाऱ्या लाकडाच्या गोंदात तो पुरणासारखा घट्ट कालवा आणि जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या कडेनं खड्ड्यांत दाबून भरा. थोडा उंचवटा राहू द्या, सुकल्यावर बसतो. एरवी एक दिवस पुरतो, जुलैत दोन द्या. मग रॉडच्या काडीला टेप गुंडाळून 220चा पेपर पट्टीसारखा धरा आणि बूटपॉलिशवाल्यासारखा मागे-पुढे ओढा, शेवटी 400चा. भरलेले ठिपके जरा गडद दिसतील, त्याला इलाज नाही. वरून लॅकर मारू नका, पकड जाते.

फोम वाईट नाही. वरळीच्या खडकांत किंवा टेट्रापॉडवर (किनाऱ्यावर टाकलेल्या काँक्रीटच्या चार पायांच्या ठोकळ्यांवर) रॉड खाचेत अडकवून ठेवणार असाल तर बुडाला फोम किंवा रबर बरा, कॉर्कचे तिथे टवके उडतात. (पावसाळ्यात टेट्रापॉडवर जाऊच नका, हे वेगळं सांगायला नको.) मी बुडाशी रबरमिश्रित कॉर्क आणि हाताखाली साधा कॉर्क ठेवतो. आणि हो, गळ मुठीत टोचून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. निम्मे खड्डे आपण असेच पाडतो.

आधी एकदा मूठ नीट बघा. साधारण अर्ध्या इंचावर गोल सांधे दिसले तर सलग कॉर्कच्या चकत्या आहेत, वरचं सगळं लागू. सांधे नसून सगळीकडे ठिपकेच असतील तर तो भुग्याचा दाबलेला कॉर्क, आणि नुसता पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल तर मात्र दुकानदाराचं ऐका. चकत्या निघाल्या तर या आठवड्यात भरून टाका, नारळी पौर्णिमेनंतर गरवायला जाल तेव्हा रॉड तयार असेल.