ट्रॉली उघडतो, चमचा फेकतो, कापूर चाटतो

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एक ते दोन वर्षांच्या पोरांबद्दल आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकाला ढकलतेय, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मुलगा सव्वा वर्षाचा आहे. वन बीएचके घर, आम्ही दोघं, सासू-सासरे आणि हा. दिवसभर किचनमध्येच असतो, खालच्या ट्रॉल्या उघडून सगळं बाहेर काढतो, काल तांदळाचा डबा पालथा केला आणि त्यातच बसला. सासूबाई म्हणतात आत्ताच शिस्त लाव नाहीतर डोक्यावर बसेल, मिस्टर म्हणतात करू दे गं लहान आहे, आणि आवरते मीच. "नको" म्हटलं की माझ्याकडे बघत बघत तेच करतो. काय करू? (डोंबिवली)

उत्तर : आधी मिस्टरांना सांगा की "करू दे गं" म्हणणाऱ्यानेच रात्रीचा पसारा आवरायचा, ताईंचा निरोप आहे म्हणावं.

आता ते बघत बघत करणं. तुम्हाला चिडवत नाहीये हो तो. या वयात "नको" कळतं, पण कळलं म्हणून हात थांबतोच असं नाही, मनाला आवर घालणं हे तिसऱ्या-चौथ्या वर्षात कुठे जरा जमायला लागतं आणि तेव्हाही जेमतेमच. त्याला बघायचंय की मी हे केलं की आईचा चेहरा कसा होतो, आणि चेहरा रोज मस्त होतो, मग तो कशाला सोडेल. त्यामुळे सासूबाईंचं शिस्तीचं म्हणणं चूक नाही, फक्त ती शिस्त सध्या पोराला नाही, घराला लावायची आहे.

सगळ्यात खालची एक ट्रॉली त्याच्या नावावर करून टाका. त्यात पुरणाची चाळणी, जुना डाव, हलक्या स्टीलच्या वाट्या, प्लॅस्टिकचे डबे आणि त्यांची झाकणं. झाकणं नक्की ठेवा, कुठलं झाकण कुठल्या डब्याला बसतं हे बघण्यात अशी पोरं बराच वेळ रमतात, चुकीचं झाकण दाबून दाबून बसवायचा प्रयत्न करतात, मग उलटं करून बघतात, मग डोक्यावर ठेवतात. तेवढ्यात तुमची भाजी फोडणीला पडते. दोनेक आठवड्यांनी त्यातल्या दोन वस्तू बदला म्हणजे परत नवी. पोळ्या करताना कणकेचा गोळा द्या. राजमा, छोले, तांदूळ, डाळी मात्र वरच्या फळीवर, पसाऱ्यासाठी नव्हे तर राजमा नाकात जातो म्हणून. बाकीच्या ट्रॉल्यांना लॉक मिळतात, चिकटवायचे, स्वस्त असतात.

आणि "नको" जपून वापरा. दिवसभर प्रत्येक गोष्टीला नको म्हटलं तर गॅसच्या वेळचं नको आणि चाळणीच्या वेळचं नको त्याला सारखंच वाटणार ना. गॅस, सुरी, प्लग, गॅलरी, एवढ्यापुरतंच ठेवा, तेही लांबून ओरडून नाही, उठून जाऊन उचलायचं आणि दुसरीकडे ठेवायचं. शिवाय स्वयंपाक झाला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, पाइपचा गॅस असेल तर त्याचा कॉक बंद. इलेक्ट्रिशियनला बोलावून मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का बघून घ्या, करंट लीक झाला की तो क्षणात लाइन तोडतो, बऱ्याच जुन्या घरांत नुसता एमसीबी, म्हणजे जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की पडणारा स्विच, असतो आणि एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. गॅलरीच्या कठड्याजवळ स्टूल, कुंडी, मोडा काही ठेवू नका. आणि बाथरूम! पाणी सकाळीच येतं म्हणून आपल्याकडे बादल्या-टब भरून ठेवलेले असतात, या वयाच्या मुलाचं डोकं जड, तो वाकला आणि आत गेला तर त्याला उठता येत नाही, बादलीत वीतभर पाणी असलं तरी धोका असतो. झाकण नाहीतर दाराला उंचावर कडी, यात तडजोड नाही.

प्रश्न : नातू अकरा महिन्यांचा. जेवायला बसवला की चमचा खाली टाकतो. आपण उचलून दिला की पुन्हा टाकतो आणि हसतो. माझी कंबर या वयात किती वाकणार? सूनबाई म्हणते मी लाडावून ठेवलाय. (एक आजोबा, सातारा)

उत्तर : आजोबा, नमस्कार. लाडाचा काही संबंध नाही, सूनबाईंना हे वाचायला द्या. जाँ पियाजे म्हणून स्वित्झर्लंडचे मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी स्वतःच्याच तीन मुलांच्या अशा उचापतींच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. त्यांचा मुलगा दहा महिन्यांचा असताना पडल्या पडल्या सेल्युलॉइडचा राजहंस, डबी असं हातात घेऊन हात लांब करून सोडून द्यायचा, कधी हात सरळ वर, कधी तिरका, कधी डोळ्यांसमोर, आणि कुठे पडतंय ते बघायचा. तुमचा नातू तेच करतोय, शिवाय त्याच्या प्रयोगात खाली वाकणारे आजोबा पण आहेत, म्हणजे डबल मजा. एकदा बारीक बघा, दर वेळी तो तसाच टाकतो का, की कधी हळू सोडतो, कधी भिरकावतो, कधी पडल्यावर वाकून शोधतो.

कंबरेसाठी उपाय असा की खाली जुनी चादर घाला, हातात एक चमचा आणि शेजारी दोन जास्तीचे ठेवा, तिन्ही संपले की जेवण संपेपर्यंत आजोबांचं दुकान बंद. जेवणाआधी मात्र खाली बसून मऊ चेंडू, कापडी बाहुली, लाकडी चमचा असं टोपलीत टाकायचा खेळ खेळा, टाकायची हौस तिथे भागवा. आणि वरण-भात टाकायला लागला तर समजा पोट भरलंय, ताट उचला.

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची, दिसेल ते तोंडात. परवा देवघरातला कापूर चाटला, आम्ही तोंड धुतलं, काही झालं नाही. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही? (कोल्हापूर)

उत्तर : काही झालं नाही हे नशीब समजा. कापूर खरंच घाबरण्यासारखा आहे, लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी थोड्याच वेळात झटके येऊ शकतात, आणि आपल्याकडे तो निरांजनाशेजारी, पोरांच्या हाताला लागेल असा, पांढरा शुभ्र साखरेच्या खड्यासारखा पडलेला असतो. पुढच्या वेळी वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना. डांबरगोळ्या, डासांच्या मशिनची रिफिल, फिनेल, रॉकेल, आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हे सगळं कुलपात. फिनेल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय तर आजच सोडा. असलं काही पोटात गेलं तर उलटी काढायला जाऊ नका, रॉकेल-फिनेल वर येताना फुप्फुसात जातं. बाटली किंवा पाकीट सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा नाहीतर रिक्षा पकडा, जे लवकर येईल ते.

दुसरं म्हणजे बटण सेल. रिमोट, लाइटवाली खेळणी, म्युझिकवाली ग्रीटिंग कार्डं, वजनकाटा, सगळ्यात असतो. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं, आणि पोर तोवर खेळत पण असू शकतं. नुसती शंका आली तरी एक्सरे काढून घ्या, "शीतून निघून जाईल" हे बटण सेलला लागू नाही.

तिसरं आपलं रोजचं, शेंगदाणे. अख्खा दाणा, फुटाणा, चिवड्यातलं खोबरं चार-पाच वर्षांपर्यंत नको, नीट चावता येत नाही, हसता हसता दाणा श्वासनलिकेत जातो. खिचडीतलं कूट चालतं. द्राक्षं उभी चिरून द्या. घशात काही अडकलं आणि दिसत नसेल तर बोट घालून चाचपू नका, आणखी आत जातं.

बाकी माती, चपलेचा बंद, पेपरचा कोपरा यांना घाबरून चालायचं नाही, तोंड पुसा आणि पुढे चला. हो, पण माती रोज आवडीने खायला लागली तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

प्रश्न : मामाने भाचीला वॉकर आणलाय, दहा महिन्यांची आहे. वापरू का? मोबाइल दाखवल्याशिवाय जेवत पण नाही. (पुणे)

उत्तर : मामाला थँक्यू म्हणा आणि वॉकर माळ्यावर टाका. चाकांच्या वॉकरने पोर लवकर चालत नाही, उलट क्षणात जिन्यापर्यंत नाहीतर गरम चहाच्या कपापर्यंत पोचतं. कॅनडात २००४ पासून त्यांच्या विक्रीवरच बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात पोर स्वतःच्या पायांवर उभं राहून मागून ढकलतं, स्वतः उभी राहायला लागली की सपाट फरशीवर नजरेसमोर तो चालेल. पण तोवर जमिनीवर मोकळं सोडा, रांगू दे.

मोबाइलबद्दल भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं सरळ आहे, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाही, आजी-आजोबांचा अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो. बंद केल्यावर सुरुवातीला कमी जेवेल, रडेल, तुम्हाला वाटेल उपाशी राहते की काय. दोन खाण्यांच्या मधली बिस्किटं आणि दुधाच्या बाटल्या आधी कमी करा, भूक लागू दे, ताटात तिला स्वतः उचलता येतील असे इडलीचे, उकडलेल्या बटाट्याचे मऊ तुकडे ठेवा आणि तुम्ही पण तिच्याबरोबरच जेवायला बसा, तुमचा फोन सुद्धा दुसऱ्या खोलीत ठेवून.