पत्र्याच्या घराची पन्हळ जोडावर गळते, कडेवरूनही पाणी सांडते, काय करावं?

कडेवरून सांडतं म्हणजे बहुतेक वेळा उतरत्या पाइपचं तोंड तुंबलेलं असतं. सोलापुरात फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंबाची पानगळ, मग उन्हाळाभर धूळ. पहिल्या सरीत त्याचा चिखल होतो. म्हणून मेअखेरीस हा कचरा खुरप्याने नव्हे, प्लास्टिकच्या सुपलीने काढा, खुरप्याने पन्हळीवरचा जस्ताचा थर खरवडला जातो. ऑगस्टअखेरीस परत एकदा, कारण आपल्याकडे खरा जोर सप्टेंबरात. तोंडावर जाळीचा घुमट बसवा. सपाट जाळी पानांनी लगेच झाकली जाते.

साफ करूनही सांडलं तर बादलीभर पाणी ओता. मध्येच साचलं तर पन्हळ धरणारे आकडे वाकलेत. दर 10 फुटांना अर्धा इंच उतार आणि दर 2 फुटांवर आकडा हवा. 75 मिमी पाइपवर 400 चौरस फुटांपेक्षा जास्त पत्र्याचं पाणी सोडू नका.

गळका जोड सिमेंटने भरणं फुकट. 30 फूट जस्ती पन्हळ 40 अंशांच्या फरकाने 4 मिमीहून जास्त लांबते-आखडते, सिमेंट तडकतंच. जुना माल खरवडून, गंज घासून जोड पूर्ण वाळू द्या. वरच्या बाजूचा तुकडा खालच्याच्या आत 2 इंच चढवा (गवंडी हेच उलटं करतात), मध्ये न्यूट्रल सिलिकॉन (फट बुजवायचा, आंबट वास नसलेला रबरी लेप), मग इंचा-इंचावर रिव्हेट. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन जस्त खातं. 24 तास पाणी लागू देऊ नका.

बोट दाबल्यावर पत्रा भुसभुशीत लागला तर ठिगळ नको, तेवढा तुकडा बदला.