पुन्हा पुन्हा पहिला दिवस

"सुरुवात मी जोरात करते. पहिले दोन-तीन महिने आहार, व्यायाम सगळं नेटाने होतं, वजनही उतरतं. मग काटा थांबतो, एखाद दिवशी खाण्यात गडबड होते आणि सगळं सुटतं. जिद्द टिकवायची कशी?"

समुपदेशन करताना वजन कमी करणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. पुढे बहुतेक जण एक पुस्ती जोडतात : "मी मुळातच आरंभशूर आहे हो." लोक स्वतःवर हा शिक्का इतक्या सहजपणे मारून घेतात, की पुढचा अर्धा तास तो पुसण्यातच जातो. उत्तरादाखल एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचं वय ४३. ऑफिसात हिशेबाचं काम, घरी नवरा आणि शाळेत जाणारी दोन मुलं. वजन ८४ किलो होतं. तीन महिन्यांत ते ७७.६ वर आलं आणि नंतरचे पाच आठवडे तिथेच अडकलं. पिशवीतून एक वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. रोजचं खाणं, व्यायामाची मिनिटं, सकाळचं वजन, सगळं रेघा मारून लिहिलेलं. हिशेबाचा माणूस लगेच कळावा अशी वही. पानं उलटताना जाणवलं, की शिलाईपाशी जागोजागी फाडलेल्या पानांच्या कडा उरल्या आहेत, आणि अशा प्रत्येक जागेनंतरच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय : "दिवस १."

"ही पानं?"

"त्या दिवशी पथ्य मोडलं होतं. खराब पान वहीत ठेवावंसं वाटत नाही. मग पुन्हा नव्याने सुरू करते, शक्यतो सोमवारी."

शेवटचं पान गुरुवारी फाडलं होतं आणि पुढचा "दिवस १" सोमवारचा होता. मधल्या तीन दिवसांचा हिशेब कुठेच नव्हता. मला त्या तीन दिवसांतच रस होता.

गुरुवारी नेमकं काय घडलं, ते मी त्यांना तासातासाने सांगायला लावलं. दुपारी चार वाजता ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. केकचा एक तुकडा खाल्ला. साडेचारला मनात आलं, "गेला आजचा दिवस." सहा वाजता चालायला जायचं होतं, ते रद्द केलं, कारण दिवस "गेलेला"च होता. रात्री जेवण झाल्यावर मुलांसाठी आणलेला खाऊ उभ्याउभ्याच संपवला. झोपताना ठरलं, की सोमवारपासून कडक. शुक्रवार, शनिवार, रविवार म्हणजे कडक दिवसांआधीची सुट्टी.

केकच्या त्या तुकड्यात फार तर तीनशे कॅलरी असतील. एवढ्याने पाच आठवडे काटा अडत नाही. तो अडला होता "गेला आजचा दिवस" या वाक्यामुळे.

मानसशास्त्रात हे जुनं दुखणं आहे. हर्मन आणि मॅक या संशोधकांनी १९७५ मध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी काही जणांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर समोर आइस्क्रीम ठेवून हवं तितकं खायला सांगितलं. एरवी पथ्य न पाळणाऱ्यांचं पोट मिल्कशेकने भरलेलं होतं, त्यांनी आइस्क्रीम कमी खाल्लं. खाण्यावर सतत ताबा ठेवणाऱ्यांचं उलट झालं. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी न प्यायलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं. पथ्य एकदा मोडलं ना, मग आता काय राहिलं! बाईंना मी हा प्रयोग सांगितला तेव्हा त्या मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझं सगळं पुस्तकातलंच आहे."

दुसरा एक प्रयोग मला याहून महत्त्वाचा वाटतो. ॲडम्स आणि लिअरी यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. खाण्यावर बंधन घालणाऱ्या तरुणींना आधी डोनट खायला दिला. त्यातल्या काहींना सहज बोलता बोलता सांगितलं, की असं सगळेच खातात, त्यासाठी स्वतःला फार बोल लावू नका. पुढे कँडी समोर आली तेव्हा हे वाक्य ऐकलेल्यांनी ती कमी खाल्ली. स्वतःला सवलत दिली की माणूस सोकावतो, असा आपला पक्का समज असतो. इथे घडलं ते नेमकं उलटं. अपराधीपणा कमी झाला आणि हातही आवरला गेला.

बाईंना हे पटलं, पण मनात उतरायला वेळ लागला. शिस्त म्हणजे शिक्षा असं समीकरण डोक्यात असलेली माणसं एका बैठकीत बदलत नाहीत. म्हणून मी एकच साधी गोष्ट मागितली : पान फाडायचं नाही. केक खाल्ला तर "केक, एक तुकडा" असं लिहायचं आणि त्याखालीच रात्रीचं नेहमीचं जेवण लिहायचं. "दिवस १" हे शब्द वहीत पुन्हा येणार नाहीत.

काटा थांबण्याबद्दलही बोलावं लागलं, कारण मन खचायला तिथूनच सुरुवात झाली होती. पहिल्या आठवड्यात त्यांचं वजन जवळजवळ दोन किलोंनी उतरलं होतं आणि त्याच वेगाने पुढेही उतरेल असा त्यांचा हिशेब होता. पण सुरुवातीच्या त्या घटीत पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीर ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा ठेवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. चरबी त्या मानाने फार सावकाश उतरते. शिवाय हलक्या झालेल्या शरीराला रोजची ऊर्जाही कमी लागते, त्यामुळे पहिल्या महिन्यात वजन उतरवणारा आहार चौथ्या महिन्यात वजन नुसतं टिकवून धरू शकतो. आणि भूक वाढते, ही तर लोकांना कुणी सांगतच नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन उतरवलेल्या लोकांची वर्षभरानंतर तपासणी केली. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) तेव्हाही पूर्वीपेक्षा जास्त होतं आणि भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी. "मला हल्ली सारखं खावंसं वाटतं, माझं मन कमजोर झालंय" असं जे वाटतं, त्यातला बराचसा भाग मनाचा नसतोच.

हे सगळं ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "मग काय उपयोग?" प्रश्न रास्त होता. अशा वेळी उत्साहाचं भाषण देऊ नये असं माझं मत आहे. अंगावर शहारे आणणारे व्हिडिओ आणि 'आधी-नंतर'चे फोटो यांचा अंमल जेमतेम दोन दिवस टिकतो आणि उतरताना तो आणखी निराश करून जातो. मी त्यांना आकडे विचारले.

"शून्य ते दहामध्ये सांगा, वजन कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?"

"नऊ."

"आणि जमेल याची खात्री?"

"तीन."

"तीन का? एक का नाही?"

नऊ का नाही, असा प्रश्न त्यांना अपेक्षित होता. त्या थोड्या गडबडल्या, मग विचार करून म्हणाल्या, "एक नाही, कारण... तसं पाहिलं तर सहा किलो उतरलेत. चालण्याची सवय लागली आहे. ऑफिसचे तीन मजले आता न थांबता चढते." प्रेरक संवाद (मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग) या समुपदेशनाच्या पद्धतीतला हा नेहमीचा प्रश्न आहे. उलट्या बाजूने विचारलं की माणूस आपल्या उणिवा मोजायचं थांबवतो आणि स्वतःच्या तोंडून स्वतःची बाजू मांडतो. मी शंभर वेळा "तुम्ही छान करताय" म्हटलं असतं, तरी त्या तीन मजल्यांची सर त्याला आली नसती.

मग मुळाशी गेलो. वजन उतरवायचं कशासाठी? आधी उत्तर आलं, "साठ किलो व्हायचंय." साठच का? कॉलेजात असताना तेवढं होतं म्हणून. आणखी खोदल्यावर खरं कारण निघालं. वडिलांना मधुमेह होता, त्यांचे शेवटच्या काही वर्षांतले हाल बाईंनी जवळून पाहिले होते, आणि सहा महिन्यांपूर्वी त्यांचं स्वतःचं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आलं होतं. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

इथे मला कागद-पेन घ्यावंसं वाटलं. अमेरिकेत अशाच उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. जीवनशैली बदलणाऱ्या गटासमोर दोनच उद्दिष्टं होती : वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. "८४ चे सात टक्के किती?" मी विचारलं. हिशेबाच्या बाईंना कॅल्क्युलेटर लागला नाही. "पाच किलो आठशे ऐंशी ग्रॅम." आणि उतरले होते सहा किलो चारशे. ज्या भीतीपोटी त्यांनी सगळं सुरू केलं होतं, त्या भीतीविरुद्धचं मोठं काम आधीच झालं होतं. आणि त्या स्वतःला नापास समजत होत्या, कारण मोजायला घेतलेला आकडा कॉलेजातला होता.

पुढच्या काही भेटींत आम्ही बारीकसारीक व्यवस्था लावली. वजन रोज करायचं तर करा, पण वहीत फक्त आठवड्याची सरासरी लिहा. मीठ, पाणी, पाळीचे दिवस, पोट साफ होणं न होणं, एवढ्यानेही काटा किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो आणि त्यावर त्यांचा सकाळचा मूड ठरत होता. व्यायामासाठी त्यांनी ट्रेडमिलवर पळणं निवडलं होतं, कारण त्यात जास्त कॅलरी जळतात. पळण्याचा मात्र मनापासून तिटकारा. न आवडणारा व्यायाम वर्षानुवर्षं केल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. ते बंद करून भरभर चालणं ठेवलं आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं. खाणं कमी करताना स्नायू झिजू नयेत, यासाठी दुसरं गरजेचं असतं. वजनं उचलायला त्या नाखूश होत्या, पण महिन्याभरात तेच जास्त आवडायला लागलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "इथे आकडा वाढला की आनंद होतो."

अडचणीच्या दिवसांसाठी एक किमान हप्ता ठरवला : दहा मिनिटं चालणं. त्याहून जास्त जमलं तर उत्तम, पण दहा मिनिटं झाली की तो दिवस भरला. लंडनमध्ये सवयींवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. २१ दिवसांत सवय लागते असं जे सर्रास सांगितलं जातं, त्याने अनेकांचं नुकसान केलं आहे. बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला की माणसाला वाटतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

केकसाठीही एक वाक्य आधीच ठरवून ठेवलं : "ऑफिसात काही गोड खाल्लं, तर सहा वाजता बूट घालून खाली उतरायचं." शिक्षा म्हणून जास्त चालायचं नव्हतं, रोजच्याइतकंच. पण ठराविक प्रसंगाला ठराविक कृती आधीच बांधून ठेवली, की ऐन वेळी मनाशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत.

एका भेटीला त्यांच्या नवऱ्याला बोलावलं. गृहस्थ भले होते. मदत म्हणून रोज संध्याकाळी विचारायचे, "आज गेली नाहीस चालायला?" आणि जेवताना, "हे चालतं का तुला?" बायकोला मात्र घरात पर्यवेक्षक नेमल्यासारखं वाटायचं. मी त्यांना म्हटलं, "विचारणं थांबवा आणि सहा ते पावणेसात मुलांचा अभ्यास तुम्ही घ्या." ते म्हणाले, "एवढंच?" तीन आठवड्यांनी त्यांनी कबूल केलं, की ते एवढंच नव्हतं, मुलगा गणितात फार पिडतो.

मध्ये बाईंची आई आजारी पडली आणि दोन आठवडे दवाखान्यात गेले. खाणं अवेळी, झोप अर्धवट, वजन दीड किलोने वर. एरवी इथे "ये रे माझ्या मागल्या" झालं असतं. त्या परत आल्या तेव्हा मी वही मागितली. सगळी पानं जागेवर होती. काही दिवशी फक्त एवढंच लिहिलेलं : "दवाखान्याचा कॉरिडॉर, १० मिनिटं." एका दिवशी तेही नाही, नुसतंच "आज काही नाही". आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉरिडॉर.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. अडलेलं प्रत्येक वजन समुपदेशनाने हलत नाही. थायरॉईड, पीसीओएस (बायकांमधला संप्रेरकांचा एक विकार), स्टिरॉईड किंवा काही मानसिक आजारांवरची औषधं, अपुरी झोप, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जावं. आणि खाल्ल्यावर मुद्दाम उलट्या करणं, दिवसदिवस उपाशी राहणं, लपून भराभर खाणं आणि नंतर स्वतःची किळस वाटणं असं चालू असेल, तर तो जिद्दीचा प्रश्न नसून खाण्याशी निगडित विकार असू शकतो. त्यावर वेगळे उपचार असतात आणि तिथे वजन घटवण्याचा ध्यास आधी बाजूला ठेवावा लागतो. बाईंच्या बाबतीत हे सगळं मी पहिल्याच भेटीत तपासलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांचं एचबीएवनसी ५.६ आलं. वजन ७५ च्या आसपास स्थिर आहे. मी सुचवलं, की आता तीन महिने आणखी उतरवायला जाऊ नका, आहे तेच टिकवा. उतरवण्याइतकंच टिकवणंही शिकावं लागतं. बाईंना हे अजिबात रुचलं नाही. "पण साठ?" त्यांनी पुन्हा विचारलंच. आम्ही बराच वेळ वाद घातला. शेवटी त्यांनी तीन महिने कबूल केले, ते वहीत तारखेसकट लिहून घेतलं आणि साठचा विषय पुढच्या भेटीत काढणार, असं मला बजावून गेल्या.