चिंदी रोज निळी येतेय म्हणून रायफलची नळी गेली असं नाही

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आजोबांची .315 रायफल आता तुमच्या लायसन्सवर आली, नळीच्या तोंडाशी आतून लालसर रेघा दिसतात, आठवडा झाला गोळीचं राहिलेलं तांबं विरघळवणारं सॉल्व्हेंट घालून ब्रश मारताय तरी आतून फिरवलेली कापडाची चिंदी निळीच येते, आणि काकू म्हणतात बंबाला लावतो तशी चिंच लावून बघ. तर आधी एवढं सांगा, ब्रश कुठला आहे? ब्रॉन्झचा असेल तर भिया, तुम्ही आठवडाभर ब्रशच विरघळवताय :)

हसू नका, मी पण हेच केलंय. सॉल्व्हेंटमधला अमोनिया हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तांबं ओढून घेतो आणि त्याचा गडद निळा रंग होतो, पण ते तांबं गोळीचं की ब्रशचं हे त्याला काय कळणार, ब्रॉन्झमध्ये बहुतेक तांबंच असतं आणि पितळी जॅगमध्ये (रॉडच्या ज्या टोकावर चिंदी बसते ते) पण अर्ध्याहून जास्त. महूला इन्फंट्री स्कूलमध्ये नोकरी काढलेले एक सुभेदारसाहेब आमच्या शेजारी राहायचे, त्यांनी मला नायलॉनचा ब्रश आणून दिला तेव्हा दोन दिवसांत निळं बंद झालं. त्याआधी मी महिनाभर नळीला दोष देत होतो.

आता तांबं येतं कुठून. नुसत्या शिशाची गोळी जास्त वेगात नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, धरत नाही, घासून शिसं मागे सोडते, म्हणून बिनधुराची दारू आल्यावर गोळीवर कडक धातूचं जॅकेट चढवायला लागले. सुरुवातीला ते तांबं-निकेलचं असायचं आणि नळीत अक्षरशः गाठी धरायच्या. अमेरिकेत 1921 च्या नॅशनल मॅच या नेमबाजी स्पर्धेसाठी उपाय म्हणून गोळीला कथलाचा मुलामा दिला, तर तो काडतुसाच्या मानेला डाक दिल्यासारखा चिकटून बसला, वर लोकांनी ग्रीस लावलं आणि प्रेशर भलतंच वाढलं. त्यानंतर गिल्डिंग मेटल रुळलं, म्हणजे साधारण 90 ते 95 टक्के तांबं आणि बाकी जस्त. ते गाठी धरत नाही, पण थोडा थर सोडतंच. रेंजवरची छोट्या .22 रायफलवाली पोरं म्हणतील आम्हाला असलं काही होत नाही, बरोबर आहे, त्यांची गोळी सहसा उघड्या शिशाची, मेण लावलेली आणि हळू चालणारी. त्यांचा सल्ला इथे चालत नाही.

खरं कारण बहुतेक वेळा नळीचा खडबडीतपणा. कारखान्यात टूलचे ओरखडे राहिलेले असतात, जुन्या नळीत गंजाचे खड्डे असतात, आणि जिथून आट्या सुरू होतात तिथला भाग दारूच्या ज्वाळेने मगरीच्या कातडीसारखा चिरलेला असतो. मऊ जॅकेट तिथे किसणीवर खोबरं घासावं तसं घासलं जातं. तोंडाशी वेग सगळ्यात जास्त, म्हणून रेघा तिथे आधी दिसतात. नळी तापलेली असताना भराभर गोळ्या झाडल्या तर अजून वाढतं. आणि एकदा तांबं बसलं की त्यावर दुसरं सहज बसतं, मध्ये कार्बनचा थर, मग परत तांबं, असा खाजासारखा प्रकार होतो. म्हणून नुसतं तांब्याचं सॉल्व्हेंट घालून भागत नाही, आधी कार्बनवालं, मग तांब्यावालं, परत कार्बनवालं असं आलटून पालटून.

पण सगळं तांबं काढायचंच कशाला? चांगल्या नळीत पण पातळ गुलाबी झाक राहते आणि तिच्यावर रायफल मस्त मारते. चकचकीत केल्यावर उलट पहिल्या काही गोळ्या इकडे तिकडे जातात. कागदावर ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, फाकायला लागला की साफ करा, आरशात बघून नाही. एक अपवाद पावसाळा, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये थराखाली ओल धरते आणि गंज आतून खातो, तेव्हा ठेवण्याआधी साफ करायचीच.

चिंच अजिबात नाही हं, काकूंना सांगा. आंबटाने स्टील गंजतं. अमोनियावालं पण रात्रभर ठेवू नका, डब्यावर लिहिलेल्या वेळेत पुसून काढा, खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचच्या बाटलीजवळ पण नेऊ नका, दोन्ही मिसळले तर विषारी गॅस होतो. जुना मिलिटरी साठा झाडला असेल तर प्रायमरचं (काडतुसातली दारू पेटवणारी टोपी) मीठ मागे राहतं, ते तेलाने जात नाही, पाण्यानेच जातं, म्हणून तर जुने सोल्जर .303 रायफलमध्ये उकळतं पाणी ओतायचे.

तर आता असं करा, रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, बोल्ट काढा, रॉड मागूनच घाला, तोंडाकडून नाही, तिथली कड घासली की नेम गेलाच. नायलॉन ब्रश, प्लास्टिकचा जॅग, मग चिंदीचा रंग बघा. तरीही तिसऱ्या दिवशी गडद निळी आली तर आतले ओरखडे बघायला लायसन्सवाल्या गनस्मिथकडे न्या, तो बोअरस्कोप, म्हणजे नळीत आतून बघायची बारीक दुर्बीण, घालून दाखवेल. आणि परत झाडायच्या आधी तेलाचा अंश राहू नये म्हणून एक कोरडी चिंदी फिरवा, मी ती एकदा विसरलो होतो, पहिली गोळी टार्गेटच्या फ्रेमलाच लागली.