डाइव्ह कॉम्प्युटर कुठला घ्यायचा? आधी चष्मा काढून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुरुडेश्वरला ओपन वॉटर कोर्स झाला, नेत्राणीचे सहा-सात डाइव्ह पदरात आहेत, जानेवारीत नवरा-बायको दोघं अंदमानला निघालाय. घड्याळासारखा दिसणारा, ट्रान्समीटरवाला भारीतला कॉम्प्युटर दोघांत एक घ्यावा की दोन साधे? आणि मित्र त्याचा दहा-बारा वर्षं जुना स्वस्तात देतोय, तो चालेल का?

दोन साधे घ्या. एक कॉम्प्युटर दोघांत हे गणितच बसत नाही. तो खोली आणि वेळ मोजून, ज्याच्या मनगटावर असतो त्याच्याच अंगात श्वासातून मुरलेल्या नायट्रोजनचा हिशोब ठेवतो. वहिनी मासा बघायला तुमच्यापेक्षा तीन मीटर खाली गेल्या आणि तिथं दहा मिनिटं रमल्या, तर त्यांच्या अंगात मुरलेला नायट्रोजन तुमच्या मनगटाला कळणार नाही. सकाळचा डाइव्ह तुम्ही, दुपारचा त्यांनी, असं वाटून घेतलं तर आणखी वाईट, कारण दुपारी तो तुमचीच सकाळ त्यांच्या नावावर धरून बसतो. भाड्याच्या कॉम्प्युटरचंही तेच, काल तो दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होता. ट्रिपच्या पहिल्या डाइव्हपासून शेवटच्यापर्यंत एका माणसाला एकच कॉम्प्युटर, हा नियम पाळा. वर्षातून एकदा मालवणला सात-आठ मीटरवर जाऊन यायचं असतं तर मी म्हटलं असतं की पैसे ठेवा खिशात. एवढ्या उथळ पाण्यात नो-डेको टाइम (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येईल एवढा वेळ) संपायच्या कितीतरी आधी टाकी संपते. पण अंदमानात १८ मीटर रोजचं होणार आणि दिवसाला दोन-तीन डाइव्ह होणार, तिथं स्वतःचा हवाच.

आता कुठला. लोक आधी अल्गोरिदम, म्हणजे नायट्रोजन मोजायची आतली गणिती पद्धत, विचारतात, मी आधी वय विचारतो. तुम्ही ४६ लिहिलंय, म्हणजे चाळिशी लागली असणार. पाण्याखाली चष्मा नसतो. मास्कमुळे वस्तू थोड्या मोठ्या दिसतात हे खरं, पण गढूळ पाण्यात, हात हलत असताना, घड्याळाएवढ्या स्क्रीनच्या कोपऱ्यातला बारीक आकडा वाचायचा म्हणजे परीक्षाच. दुकानात पट्टा आणि रंग बघत बसू नका. चष्मा काढा, हात पुढे लांब करा आणि तीन गोष्टी एका नजरेत दिसतात का बघा: आत्ताची खोली, उरलेला नो-डेको टाइम, डाइव्ह सुरू होऊन झालेली मिनिटं. एक जरी आकडा शोधावा लागला तरी तो कॉम्प्युटर तुमचा नाही. म्हणून घड्याळवाल्यापेक्षा मोठा, गोल डबीसारखा बरा, दिसायला ओबडधोबड असला तरी.

दुसरी गोष्ट बटणं. क्रेसीचा लिओनार्दो एकाच बटणावर चालतो. शिकायला सोपा, पण सेटिंग बदलताना एक पायरी चुकली की पुन्हा सगळी फेरी मारा. सुंतोच्या झूप नोव्होला चार बटणं आहेत, मेनूत लवकर पोचता येतं. शिअरवॉटरच्या पेरेग्रीनचा रंगीत स्क्रीन मात्र, खोटं कशाला बोलू, पाण्याखाली बघितला की हेवा वाटतो. तो चार्जिंगवर चालतो. बजेट ताणायचंच असेल तर ट्रान्समीटरवर ताणू नका, स्क्रीनवर ताणा. ट्रान्समीटरमुळे टाकीतला दाब मनगटावर दिसतो, पण त्यालाही वेगळी बॅटरी, आणि तो बंद पडला तर पंचाईत नको म्हणून नळीवरचं गेज ठेवावंच लागतं.

अल्गोरिदमबद्दल तुम्ही बरंच वाचलेलं दिसतंय, म्हणून थोडं बोलतो. १९०८ साली हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून पहिली वापरण्याजोगी तक्ते-पद्धत दिली. शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेगाने नायट्रोजन घेतात आणि सोडतात, ही कल्पना त्याची. कडधान्य भिजत घातल्यासारखं समजा: मटकी लवकर भिजते, छोल्यांना रात्र लागते. झुरिकच्या ब्यूलमानने असे १६ कप्पे मांडले. सगळ्यात चपळ कप्प्याचा अर्धकाळ (निम्मा भरायला लागणारा वेळ) चार-पाच मिनिटांचा, सगळ्यात सुस्त कप्प्याचा ६३५ मिनिटांचा. आजचे बरेच कॉम्प्युटर याच मॉडेलवर चालतात, सुंतो-क्रेसीचे बरेच कॉम्प्युटर आरजीबीएम नावाच्या दुसऱ्या घराण्यातलं मॉडेल वापरतात. पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात नो-डेको टाइम १८ मीटरला ५६ मिनिटं आणि ३० मीटरला २० मिनिटं मिळतात, पण तक्ता सगळा डाइव्ह सर्वांत खोल जागीच काढला असं धरतो. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी नव्याने मोजतो, म्हणून वरच्या पाण्यात आलात की वेळ वाढवून देतो. आपल्यासारख्या हौशी डाइव्हरला कुठल्या मॉडेलने चार मिनिटं जास्त दिली यावर भांडण्यात अर्थ नाही. जो कडक आहे, म्हणजे कमी वेळ देतो, तो घ्या, सेटिंगमध्ये एक पायरी आणखी कडक करा. जोडीत दोघांचे आकडे वेगळे आले तर कमी वेळ दाखवणाऱ्याचं ऐका. आदल्या रात्री झोप झाली नाही, पाणी कमी प्यायलात, बोट लागून ओकलात, यातलं काहीही कॉम्प्युटरला कळत नाही.

बॅटरीबद्दल मात्र माझं ऐकाच, कारण यात मी पोळलोय. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरची बॅटरी मी निघायच्या आदल्या रात्री घरीच बदलली. झाकणाखालचा ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, चपटा झालेला. कंपनीचा किट मागवायला वेळ नव्हता. आपण कोल्हापूरकर, उद्यमनगरात रबराचं काय मिळत नाही? डोळ्यांनी मापून एक आणला. व्यास बरोबर होता, जाडी केसभर कमी. झाकण फिरवताना ते नेहमीपेक्षा सहज बसलं, तिथंच शहाणं व्हायला हवं होतं. नेत्राणीला १२ मीटरवर काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून वाफेची एक रेघ वर सरकताना दिसली. मग आकड्यांच्या काड्या एकेक करून गळायला लागल्या, ८ चा ६ झाला, ६ चा ५. थोडा वेळ मला खरंच वाटलं की मी वर चाललोय. बडीला (जोडीच्या डाइव्हरला) खूण केली, तिच्या कॉम्प्युटरवर ५ मीटरला तीन मिनिटं थांबून वर आलो आणि पुढचे २४ तास पाण्याला पाय लावला नाही, कारण माझ्या अंगातला हिशोब त्या बिघडलेल्या डबीबरोबरच गेला होता. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून मूळ किटमधलाच ओ-रिंग, बोटावर जेमतेम चमक येईल एवढंच सिलिकॉन ग्रीस, आणि खाचेत वाळूचा कण किंवा केस नाही ना हे टॉर्च लावून बघणं. घेताना बॅटरी कुठली हेही विचारून ठेवा. सीआर२०३२ महाद्वार रोडवर कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल, सीआर२४५० साठी चार दुकानं हिंडावी लागतात. बेटावर तर विचारूच नका.

आता एक गोष्ट जी मुंबई-गोव्याचे लोक सांगणार नाहीत, कारण त्यांचं घर समुद्रसपाटीला आहे. आपलं नाही. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे. डाइव्हनंतर उंचीवर जाणं म्हणजे विमानात बसण्याचंच लहान रूप: बाहेरचा दाब कमी होतो, अंगात उरलेला नायट्रोजन बुडबुडे करायला बघतो. विमानाचे नियम साधारण ६०० मीटरच्या पुढं लागू धरतात. एका नो-डेको डाइव्हनंतर किमान १२ तास थांबायचं, रोज किंवा अनेक डाइव्ह झाले असतील तर किमान १८. म्हणजे घर सीमेच्या जरा खाली, पण वाटेतला घाटमाथा सीमेला टेकतो किंवा ओलांडतो. मुरुडेश्वरहून हुबळी-बेळगावमार्गे येताय? बेळगाव साडेसातशे मीटर. मागच्या वेळी दुपारी एकला दुसरा डाइव्ह संपवून संध्याकाळीच गाडी काढली असं तुम्ही लिहिलंय, तसं पुन्हा करू नका. कॉम्प्युटरवर नो-फ्लायची (विमानात न बसण्याची) वेळ उलटी मोजली जात असते, घाटालाही तीच लावा. रात्र किनाऱ्यावर काढा, सुरमई खा, सकाळी निघा. अंदमानातून परतताना तर शेवटचा अख्खा दिवस कोरडा ठेवूनच तिकीट काढा.

आणि हो, नवीन कॉम्प्युटर आला की आधी इथल्याच पूलमध्ये खेळून बघाल. जरूर बघा, पण काही मॉडेलमध्ये उंचीचं सेटिंग हाताने करावं लागतं. इथं बदललंत तर समुद्रावर पोचल्यावर परत शून्यावर आणा. गोड्या-खाऱ्या पाण्याचंही तसंच, तिथं खोलीत तीनेक टक्क्यांचा फरक पडतो.

मित्राचा जुना घेऊ नका म्हणत नाही. बॅटरीचं झाकण उघडा. आत हिरवट बुरा दिसला तर फुकटातही नको. स्वच्छ असेल तर त्या मॉडेलचा ओ-रिंग किट अजून मिळतो का ते विचारा. नसेल मिळत तर माझी उद्यमनगरची गोष्ट आठवा.

माझ्याकडे दोन आहेत, एक घड्याळवाला, एक डबीवाला. रंकाळ्याकडं आलात तर हातात घेऊन बघा, वहिनींनाही आणा. चष्मे गाडीतच ठेवून या.