सर हॅरी ओक्स यांच्या खुनातून त्यांचा जावई सुटला कसा?

बहामामध्ये १९४३ साली झालेल्या ओक्स यांच्या खुनात जावयाच्या बोटाचा ठसा मिळूनही तो निर्दोष कसा ठरला, असे आपण विचारले आहे. फौजदारी खटल्यांच्या हकिकती मी बरीच वर्षे वाचत आलो आहे आणि माझ्या मते तो ठशामुळेच सुटला.

कॅनडातील सोन्याच्या खाणीवर गडगंज झालेले आणि तिथल्या करांना कंटाळून बहामाची राजधानी नासाऊ इथे स्थायिक झालेले ओक्स ८ जुलैच्या सकाळी आपल्या वेस्टबोर्न या निवासस्थानी मृत आढळले; डाव्या कानामागे चार जखमा होत्या आणि शरीर अर्धवट जळालेले होते. बहामाचे गव्हर्नर होते ब्रिटनच्या राजपदाचा त्याग केलेले ड्यूक ऑफ विंडसर. त्यांनी तपासासाठी मायामीहून मेल्चेन व बार्कर हे दोन पोलीस अधिकारी बोलावून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी ओक्स यांचा जावई आल्फ्रेड द मारिनी याला अटक झाली. ओक्स यांची मुलगी नॅन्सी हिच्याशी तिच्या आईवडिलांना न कळवता लग्न केल्यापासून सासऱ्याशी त्याचे वितुष्ट होते, शिवाय खुनाच्या रात्री पाहुण्यांना घरी सोडताना तो वेस्टबोर्नवरूनच गेला होता.

परंतु त्याला ओक्स यांच्या खोलीत नेऊन उभा करणारा पुरावा एकच होता, तो म्हणजे पलंगाजवळच्या चिनी घडीच्या पडद्यावर सापडल्याचे सांगितलेला करंगळीचा ठसा. बार्कर यांनी तो जागेवरच छायाचित्र न घेता रबरी पट्टीने उचलला, त्यामुळे पडद्यावरचा मूळ ठसा राहिलाच नाही. उलटतपासणीत तो नेमका कुठून उचलला हे त्यांना दाखवता येईना, आणि ठशामागे उमटलेली पार्श्वभूमी पडद्याच्या नक्षीशी जुळेना. चौकशीच्या वेळी मारिनीने हाताळलेल्या एखाद्या वस्तूवरूनच तो घेतला असावा, असे बचावाचे वकील गॉडफ्रे हिग्ज यांनी सुचवले. तसे खरोखर घडले की नाही हे ठरवण्याची ज्यूरीला गरजच नव्हती; पट्टीवरचा ठसा पडद्यावरचाच आहे हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, एवढे पुरेसे होते.

११ नोव्हेंबरला ज्यूरीने ९ विरुद्ध ३ मतांनी त्याला निर्दोष ठरवले, मात्र त्याच दमात त्याला हद्दपार करण्याची शिफारसही केली, जी मला आजही विचित्र वाटते. नॅन्सीला घेऊन तो क्यूबाला गेला. ओक्स यांच्या खुनाबद्दल त्यानंतर कोणावरही खटला भरला गेला नाही.